रात्रीचं ओलीत कोण करतं? एका कथावाचनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, कापूस-तुरीचं एक गाव. गावात ‘क’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेलं, अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसणारं. सकाळी पेपर वाचायला येणारे म्हातारे आणि दुपारी स्पर्धा परीक्षेची पोरं हे त्याचे रोजचे वाचक. कथा-कादंबरीचं कपाट दिवाळी अंक आले की हलतं, एरवी नाही.

दरवर्षी १४ ते २८ जानेवारीला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो. त्यात एखादा कार्यक्रम करून फोटोसकट अहवाल पाठवावा लागतो. त्या वर्षी ग्रंथपाल ताईंनी व्याख्यानाऐवजी कथावाचन ठेवलं. व्याख्यानाला खुर्च्या भरत नाहीत हे एक कारण. दुसरं कारण असं की, जवळच्याच तालुक्यातल्या एका तरुण लेखकाची कथा दिवाळी अंकात आली होती आणि ती ताईंना मनापासून आवडली होती.

मी शेजारच्या भागात वाचक गट चालवतो. या प्रकरणातल्या बहुतेकांशी बोलून हे टिपण केलं आहे. गाव, माणसं, अंक, कथा यांपैकी कोणाचंच नाव दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

कथा काय होती

कथेतला कास्तकार श्रावणात मरतो. विष घेऊन, हे लेखक एका ओळीत सांगून पुढे जातो. फेरफार झालेला नसतो, म्हणून सातबारा त्याच्याच नावावर राहतो. रबीत हरभरा पेरला जातो आणि रात्रपाळीची लाइन, म्हणजे पंपाला रात्री मिळणारी वीज, सुरू होते. मग तो माणूस रोज रात्री वावरात येऊन ओलीत करू लागतो, म्हणजे पिकाला पाणी देऊ लागतो. मोटर लावतो, स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढच्या तासावर नेतो, पहाटे निघून जातो. बायको धुऱ्यावर (बांधावर) डबा ठेवते, सकाळी डबा रिकामा सापडतो. गावात कोणाला फारसं नवल वाटत नाही.

घोळ सुरू होतो तो तलाठी पाहणीला येतो तेव्हा. पीक उभं आहे, पाणी झालं आहे, आणि कसणारा मयत आहे. मदतीचं प्रकरण समितीपुढे जातं. माणूस अजून कामावर आहे, तेव्हा तो मेला असं कसं धरायचं, असा प्रश्न तिथे निघतो. शिवाय कर्ज घेतलं ते बिनपरवाना सावकाराकडून, त्याचा कागद नाही. प्रकरण अपात्र ठरतं. शेवटी तलाठी कागद घेऊन रात्री वावरात जातो आणि मेलेल्या माणसाला विचारतो, ‘सही करता का?’

कथेतलं सरकारी कामकाज लेखकानं हवेतून काढलेलं नाही. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात वारसाला १ लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती नावावरची जमीन, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज आणि वसुलीचा तगादा हे सगळं तपासते. पात्र, अपात्र आणि फेरचौकशी असे तीन गठ्ठे होतात. या भागात हे शब्द शाळकरी पोरांनाही माहीत आहेत. म्हणून लोक समितीच्या प्रसंगाला हसले, आणि चांगलेच हसले.

वाचनाच्या संध्याकाळी

ताईंनी कथा स्वतः वाचली. पंचवीसेक माणसं होती, त्यात बाया सात-आठ. बचत गटाची बैठक नुकतीच उठली होती म्हणून त्या थांबल्या होत्या.

वाचन संपल्यावर आधी एक पोरगा बोलला. मोटरवर ऑटो असेल, असं त्याचं म्हणणं. पंपाच्या पेटीत ऑटो स्विच बसवला की लाइन आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते, त्यात भुताचं काय? त्यावर मागून एक जण म्हणाला, “भुताले कोन भेते बावा, आमी वाघाले भेतो.” पुन्हा हशा. नरभक्षक ठरवलेली टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ ला राळेगावच्या जंगलात मारली गेली. तोवर या पट्ट्यात सांजेनंतर वावरात जायला माणूस मिळत नव्हता. ती आठवण अजून ताजी आहे.

मग एक महानुभाव आजोबा बोलले. त्यांना कथेत वावगं काही दिसलं नव्हतं. माणसाचा जीव वावरात अडकला असेल तर तो येणारच, त्यांनी सांगितलं. लेखकानं धुरा, डबा, पाइप हे सगळं बरोबर लिहिलं आहे, तेव्हा उरलेलंही त्यानं बरोबरच लिहिलं असणार. हे ऐकून मला महानुभाव पंथाचं ऋद्धिपूर आठवलं. तेराव्या शतकात तिथे लिहिल्या गेलेल्या चक्रधरस्वामींच्या लीळांमध्ये कोण कुठे बसलं होतं, काय खाल्लं, कोणत्या वाटेनं गेलं, हे असंच बारीकसारीक येतं. त्याच ओळीत देवाचं वागणंही येतं, आवाज न चढवता. त्या पंथात वाढलेल्या माणसाला जादू आणि वास्तव यांची सरमिसळ वेगळी शिकवावी लागत नाही. पुस्तकी समीक्षेत तिला ‘जादुई वास्तववाद’ असं मोठं नाव आहे. आजोबांनी फक्त दंडवत प्रणाम केला आणि ते घरी गेले.

गडबड झाली ती दारातून बाहेर पडताना. एक बाई दुसरीला म्हणाली, “हे त अमुकच्या घरचंच हाय.”

अडचण

त्या अमुकच्या घरी एक काकू आहेत. नवरा चार वर्षांपूर्वी असाच गेला. कर्ज सावकाराचं, कागद नाही, प्रकरण अपात्र. घर आणि वावर एकट्या सांभाळतात, मुलगा पुण्याला कंपनीत आहे. वाचनाच्या दिवशी त्या तिथे नव्हत्या.

दोन दिवसांत गावात असं पसरलं की, वाचनालयात काकूंच्या नवऱ्याच्या भुताची कथा वाचली. लेखकाला काकू ठाऊकच नव्हत्या. सावकाराचा कागद नसल्यामुळे प्रकरण अपात्र होणं ही इथली नेहमीची गोष्ट, म्हणून त्यानं ती घेतली होती. पण ऐकणाऱ्याला याच्याशी काय करायचं आहे? त्याच्या गावात तसं घर एकच आहे.

त्याच आठवड्यात तूर सोंगायला (कापायला) येणारी बायांची टोळी काकूंच्या वावरात आली नाही. कारण विचारलं तर टोळीतली एक बाई म्हणाली, “तिथं रातच्यानं मोटर लागते म्हणते ना, आमाले नाई जमत.”

आता वाचनालयाची समिती घाबरली. समितीवर एक निवृत्त गुरुजी आहेत. अंधश्रद्धाविरोधी कामात त्यांची हयात गेली आणि गावात त्यांना मान आहे. ते म्हणाले, आपणच गावात भूत आणलं. कोणी तक्रार केली तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्यालाच लागेल. अध्यक्षांना काळजी निराळी होती: तपासणी तोंडावर, आणि अनुदान ‘वादग्रस्त’ या एका शब्दावर अडकू शकतं.

कायद्याची भीती फुकट होती, हे इथेच सांगून टाकतो. त्याच्या अनुसूचीत १२ ठरावीक प्रकार आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्कार दाखवून फसवणूक, अशा कृत्यांचे ते आहेत. कथा लिहिणं किंवा वाचणं त्यात नाही. उलट दिवंगत संतांचे चमत्कार सांगणं, छापणं कायद्यानंच वगळलेलं आहे. गुरुजींना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्यांना खरा त्रास होत होता तो टोळी न आल्याचा, आणि तो त्रास खोटा नव्हता.

समोर कोणते मार्ग होते

समितीची बैठक झाली. बैठकीत जे निघालं ते असं.

अंक कपाटात ठेवावा, कोणाला देऊ नये, हे अध्यक्षांनी सुचवलं. गुरुजींचं म्हणणं, पंपाची पेटी सभेत आणून ऑटो स्विच उघडून दाखवावा आणि भुताचा विषय तिथेच मिटवावा. एका तरुण सदस्याला लेखकाला बोलावून खुलासा करायला लावायचा होता. काहीच करू नये, आठ दिवसांत लोक विसरतील, हेही कोणी तरी बोललं. प्रत्येक बैठकीत कोणी तरी बोलतंच.

ताईंनी सांगितलं की आधी काकूंकडे जाऊन यावं. यावर सगळेच अवघडले. बाईची जखम आपण कशाला उकरायची, असं ठरलं. मला हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो, आणि तो तर निर्णय म्हणून लिहिलासुद्धा गेला नाही. बैठकीच्या वहीत अंक आणि व्याख्यान एवढंच आहे. ज्या बाईच्या नावानं सगळं चाललं होतं तिला विचारायचं नाही, हे सौजन्याच्या नावाखाली सगळ्यांनी मान्य केलं.

काय केलं

आधी अंक कपाटात गेला. तोवर कोणी तरी पानांचे फोटो काढलेले होते. ते व्हॉट्सॲपवर फिरू लागले आणि जी कथा पंचवीस माणसांनी ऐकली होती ती गावभर झाली. ज्यांनी दिवाळी अंक कधी हातात धरला नव्हता, त्यांनी ती पानटपरीवर मोबाइल मोठा करून वाचली. त्यातही पहिलं पान कोणी पाठवलंच नव्हतं. त्यामुळे विष घेतल्याची ओळ पुष्कळांना कळली नाही, आणि त्यांना ती कथा नुसती भुताची वाटली. बंदीनं वाचक वाढवले आणि त्यांना मिळाली ती अर्धवट कथा.

मग गुरुजींचं व्याख्यान झालं. त्यांनी खरंच पेटी आणली, तार जोडली, मोटर आपोआप कशी सुरू होते ते दाखवलं. लोकांनी शांतपणे पाहिलं. यातलं काहीच त्यांना नवीन नव्हतं, निम्म्या लोकांच्या पंपावर तोच स्विच आहे. टोळी मात्र दुसऱ्या दिवशीही काकूंच्या वावरात गेली नाही.

इथे ताईंनी समितीला न विचारता दोन गोष्टी केल्या.

पहिली, टोळी सांभाळणाऱ्या बाईला गाठलं. ती आधी भुताचंच सांगत राहिली. चहा झाल्यावर बोलली. शेजारचा कास्तकार तूर ठेक्यानं देत होता, काकू रोजानं बोलवत होत्या, ठेक्यात बायांच्या हाती जास्त पैसे सुटत होते. काकूंना तोंडावर ‘परवडत नाही’ कसं म्हणणार? त्यांच्यावर आधीच गुदरलेलं. तेवढ्यात कथा आली. भुताचं नाव घेतलं तर कोणाचंच मन दुखत नाही. म्हणजे गुरुजी ज्याला अंधश्रद्धा समजत होते, ती मजुरीच्या भावातली घासाघीस होती. वाचनालयात ऐकलेल्या कथेचा इतका हुशारीनं वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दुसरी, त्या अंक घेऊन काकूंकडे गेल्या. काकूंना वाचायला जड जातं, म्हणून ताईंनी ओसरीवर बसून पूर्ण कथा वाचून दाखवली. नवरा विष घेतो त्या ओळीला थांबल्या, तर काकूच म्हणाल्या, “वाच ना वं, थांबली काहून?” समितीच्या प्रसंगाला त्या हसल्या नाहीत, साहेब लोक बोलतात तसंच लिहिलंय, एवढं म्हणाल्या. डब्याच्या प्रसंगाला काही बोलल्या नाहीत.

कथा संपल्यावर त्यांनी विचारलं, “पाइप कोन बदलवते म्हणते त्यात?”

ताईंनी सांगितलं, तोच, मेलेला नवरा.

“मोटर ऑटोवर लागते, हे खरं हाय. पन पाइप काई ऑटोवर नाई सरकत. दर दोन-तीन घंट्यानं लाइन बंद करा, नोझल काढा, चिखलातून पाइप उचला, दुसऱ्या तासावर जोडा. हे मेलेला मानूस नाई करत. मी करतो. चार सालापासून मी करून रायली, न त्यानं ते त्याच्या नावानं लिहून टाकलं.”

त्या रात्री घरी परतल्यावर ताईंनी हे शब्द वहीत टिपून ठेवले. मला त्यांनी ती वही दाखवली.

मग दुसरी बैठक झाली. ती समितीची नव्हती, दुपारी बचत गटासोबत होती, आणि लेखकालाही बोलावलं होतं. कथा पुन्हा वाचली, या वेळी पहिल्या पानासकट. काकू स्वतःहून आल्या. जे ओसरीवर बोलल्या तेच थोडक्यात बोलल्या. पाठोपाठ बाकीच्या बाया सुरू झाल्या: रात्री बॅटरी दातात धरून पाइप कसा जोडावा लागतो, रानडुक्कर आलं तर काय करतात, थंडीत ओली साडी पायाला कशी चिकटते, आणि सकाळी कृषी केंद्रात गेलं की दुकानदार विचारतो, ‘ओलीत कोण करते, पोरगा का?’

लेखक सुरुवातीला बचाव करत होता. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. त्याच्या मते माणूस मेला तरी कामातून सुटत नाही, मरण सुद्धा त्याला कागदावर मिळत नाही, हे सांगायला मेलेला नवराच पाइप उचलताना दिसायला हवा. तिथे जिवंत बायको आली तर कथा वेगळी होईल, समितीचा प्रसंगच उभा राहणार नाही. तिथे बसलेल्या दोन-तीन पोरांना ते पटलं, मलाही बऱ्याच अंशी पटतं. काकू म्हणाल्या, “मंग बदलवू नको. पन डबा कोन खाते थे त सांग.” लेखकाकडे उत्तर नव्हतं. बायांकडे होतं: कामावर असलेली बाई रात्री बारा वाजता स्वतःचाच डबा खाते.

निष्पत्ती

अंक कपाटातून रॅकवर परत आला. अध्यक्षांनी त्याची नोंद कुठेही केली नाही.

काकूंची तूर वेळेत सोंगून झाली, कारण त्यांनी ठेक्याचा भाव मान्य केला. त्यात वाचनालयाचं श्रेय शून्य. मदतीच्या प्रकरणाची फेरचौकशी मागता येईल असं एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं, पण सावकाराचा कागद आता कुठून आणणार म्हणून काकूंनी नकार दिला.

गुरुजींचं समाधान झालेलं नाही. भीतीपोटी असो की मजुरीपोटी, लोक भुताचं नाव घेतात आणि ते चालतं, हेच त्यांना खुपतं. आज भाव वाढवून घ्यायला घेतलं, उद्या एखाद्या बाईला वावराबाहेर काढायला घेतील, असं ते मला म्हणाले. हा आक्षेप मी हलका मानत नाही. विदर्भात भानामती-करणीच्या नावानं माणसांना मारहाण झाल्याच्या बातम्या त्यांनी आयुष्यभर पाहिल्या आहेत. पण त्याचं उत्तर अंक कपाटात ठेवण्यात नाही, यावर ते आणि मी एकमत आहोत.

लेखकानं कथा बदलली नाही. त्याच वावरावर दुसरी लिहीन म्हणाला होता, अजून आलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णय वाचनाच्या आधीचा. ताईंनी कथा निवडली ती एकटीनं वाचून, आवडली म्हणून. एकट्यानं वाचलेली कथा आणि पंचवीस ओळखीच्या माणसांत मोठ्यानं वाचलेली कथा यांत फरक पडतो. कथेतला जादूचा भाग कोणालाच टोचला नाही. टोचला तो अगदी खरा, सरकारी भाग: सावकार, कागद, अपात्र. माणसाची ओळख भुतानं पटत नाही, प्रकरणाच्या कारणानं पटते. तेव्हा वाचणाऱ्यानं आधी विचारायचं ते एवढंच की, यातलं कोणतं कारण आपल्या गावात कोणाच्या दारावर जाऊन थांबेल? आणि थांबत असेल तर कथा टाळायची नाही, त्या दारी आधी जायचं.

दुसरा, बैठकीतला. समितीनं काकूंना विचारायचं टाळलं तिथे आठवडा गेला. त्या आठवड्यात अर्धवट पानं फिरली, टोळीचं भूत पक्कं झालं, आणि गुरुजींचं चांगलं व्याख्यान नको त्या प्रश्नावर खर्च झालं. ऑटो स्विच दाखवून ‘मोटर कशी लागते’ याचं उत्तर मिळालं. लोकांना तो प्रश्नच नव्हता.

तिसरा थोडा अवघड आहे. काकूंच्या ओसरीवर झालेलं वाचन हे या प्रकरणातलं सगळ्यात नेमकं वाचन, असं मला वाटतं. कथेची कच्ची जागा कोणत्याही समीक्षकानं इतकी थेट दाखवली नसती. पण ताई तिथे एकट्या, न सांगता गेल्या. काकू रडल्या असत्या, संतापल्या असत्या, किंवा त्या रात्री एकट्या वावरात जायच्या होत्या तिथे काही विपरीत झालं असतं, तर? माझा सल्ला असा राहील की, अशा घरी जाताना त्यांच्या विश्वासातली एक बाई सोबत असावी, कथा वाचायची की नुसती सांगायची हे घरच्यांनी ठरवावं, आणि दुसऱ्या दिवशी परत एक चक्कर मारावी. ताई म्हणतात, सोबत कोणी असतं तर काकू पाइपाचं बोलल्याच नसत्या. तेही शक्य आहे.

पुढच्या पंधरवड्यासाठी बचत गटानं स्वतःच विषय सुचवला आहे: रात्रीच्या ओलिताच्या खऱ्या हकिकती, बायांनी सांगायच्या, ताईंनी लिहून घ्यायच्या. भुतं चालतील का, असं कोणी तरी विचारलं. चालतील, पण पाइप कोण उचलते ते लिहावं लागेल, असं ठरलं आहे.